आम्ही इंदूरचे

कल्याण स्टेशनाबाहेर बाबांनी रिक्षावाल्याला मराठीत विचारलं, "उल्हासनगरला, कॅम्प चारला येता का, भाऊ?"

"कॅम्प चार? बैठो अंकल, छोड देता हूँ," तो म्हणाला.

बाबा बसले, पण त्यांचा चेहरा उतरला. ते एक वाक्य त्यांनी अमृतसरपासून मनात घोळवलेलं असणार. कराचीत आमचं मराठी घरापुरतं, आणि फार तर देवळाच्या आवारापुरतं. आवारात मोजकीच मराठी घरं होती. माझे पणजोबा रत्नागिरीकडून बंदरावर कामाला म्हणून तिकडे गेले, पुढे एका देशाचे दोन झाले आणि आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो. आवाराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की उर्दू, नाहीतर सिंधी. बाबा शिंपी. गिऱ्हाइकांशी जन्मभर सिंधीत बोलले आणि घरी येऊन जन्मभर एकच म्हणत राहिले, की मरायच्या आधी अशा गावात राहायचंय, जिथे रस्त्यावर मराठी ऐकू येतं.

आई गेल्यावर त्यांनी हट्टच धरला. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं, एका शाळेत शिकवत होते. मला यायचंय का हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. थोरली बहीण, आमची आक्का, लग्न होऊन तिथेच नांदत होती. कराची स्टेशनवर ती आली, तेव्हा कडेवर मुलगी होती. रडताना दोन्ही हात मोकळे नाहीत म्हणून तिने डोळे मुलीच्या फ्रॉकला पुसले. सीमेवर एका हमालाने आमच्या बॅगा रेषेपर्यंत आणल्या, त्या दुसऱ्या रंगाच्या सदऱ्यातल्या हमालाने रेषेपलीकडे उचलल्या, आणि आम्ही दुसऱ्या देशात आलो. मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. ऊन फक्त डोक्यावर आलं होतं.

उल्हासनगरला यायचं कारण बाबांचं एक जुनं गिऱ्हाईक. तो सिंधी माणूस दहाएक वर्षांपूर्वीच कुटुंबासकट इकडे आला होता. त्याने कॅम्प चारमध्ये एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्हाला खोली बघून दिली. खाली शिलाईचा कारखाना, जीन्स शिवायचा. सकाळी नऊला मशिनी सुरू झाल्या की आमच्या फरशीला बारीक कंप यायचा. बाबांना तो आवाज आवडला. पहिल्याच दिवशी ते जमिनीवर आडवे झाले, कान लावला आणि म्हणाले, "जड कापडाची मशीन आहे."

संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं.

"बाळ, एक लक्षात ठेव. कोणी विचारलं तर आपण इंदूरचे."

"इंदूर का?"

"तिकडे मराठी लोक आहेत म्हणे. आणि त्यांचं मराठी जरा वेगळं असतं. आपलं खपून जाईल."

"पण पोलिसात तर खरं सांगायचंय ना?"

"पोलिसात खरंच. लोकांत इंदूर. कागद पक्के होईपर्यंत. कोणाच्या मनात काय येईल, काय सांगता येतं?"

मी हो म्हटलं. बाबांनी यापूर्वी मला खोटं बोलायला कधी शिकवलं नव्हतं, म्हणून असेल, ते मला फारसं गंभीर वाटलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी घराबाहेर अशी पडलेच नाही. बाबा सकाळी त्या सिंधी ओळखीच्या माणसाच्या दुकानात जायचे आणि दुपारी जेवायला यायचे. मी खोली पुसायची. दोन बॅगांतलं सामान असं कितीसं असणार, ते मांडून झालं, मग जागा बदलून पुन्हा मांडून झालं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्च्या दिसायच्या, वाळत घातलेल्या निळ्या कापडाच्या रांगा दिसायच्या आणि खाली दुकानांच्या पाट्या. त्या पाट्यांकडे मी बघत बसायचे. मला देवनागरी वाचता येत नव्हतं. घरात मराठी बोललो, पण लिहायला-वाचायला शाळेत उर्दू, सिंधी आणि इंग्रजी. आजोबांना बाळबोध अक्षरं येत, बाबांना फक्त स्वतःची सही येत होती, माझ्यापर्यंत काहीच पोचलं नाही. खाली दोन बायका भाजीवाल्याशी भांडताना ऐकू आल्या की शब्द न् शब्द कळायचा. त्याच दुकानावरची पाटी मात्र माझ्यासाठी नुसती नक्षी होती. जी भाषा माझी आहे म्हणून आम्ही इतक्या लांब आलो, त्या भाषेत मी निरक्षर होते.

फोनचं कार्ड आम्हाला मिळत नव्हतं, परदेशी म्हणून कागद पुरेसे नव्हते. दुकानात बाबांच्या ओळखीच्याचं इंटरनेट होतं, त्यावरून पुढे दर दोन-तीन दिवसांनी आक्काशी बोलणं व्हायचं. दुकान भरलेलं असायचं. "बरी आहेस ना?" "बरी आहे." तेवढंच. आमच्या आणि तिच्या घड्याळात अर्ध्या तासाचा फरक. मी घरी परत येऊन भात लावायचे तेव्हा तिच्याकडे लावायला अजून अर्धा तास असायचा, आणि तो अर्धा तास मी ती आत्ता काय करत असेल याचा विचार करण्यात घालवायचे.

आमच्या शेजारच्या खोलीत ज्या बाई राहत, त्यांना सगळा मजला ताई म्हणायचा. चाळिशी उलटलेल्या, उंच, अंगणवाडीत शिकवायच्या. नवरा अंबरनाथला कारखान्यात. त्यांच्या दारातून आत बुद्धाची तसबीर दिसायची आणि तिच्याखाली रोज ताजं फूल. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या वाटीत सुकटीची चटणी घेऊन आल्या.

"नवीन आलात ना? कुठल्या तुम्ही?"

"इंदूरच्या."

"हो का! माझी जाऊ इंदूरचीच की. इंदुरात कुठे?"

"लांब आहे जरा. बाहेरच्या बाजूला," मी म्हटलं आणि वाटी घेतली. "बसा ना. मी ही बावर्चीखान्यात ठेवून येते."

"कुठे ठेवून येते?"

"म्हणजे... आत."

ताई हसल्या. मनापासून हसल्या, टिंगल म्हणून नाही. "बावर्चीखाना! इंदूरवाले लई नवाबी दिसतात." त्यांनी आणखी काही विचारलं नाही. पण त्या गेल्यावर मी ठरवलं, की या बाईंशी कमीत कमी बोलायचं. नेमकी तीच बाई मला आवडली होती. इकडे आल्यापासून माझ्याशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललेली ती एकटीच.

त्यानंतर मी जिन्यात त्यांची चाहूल लागली की थांबायचे आणि त्या पुढे गेल्या की उतरायचे. बोलायला तोंड उघडलं की कुठला तरी शब्द निसटणार. गुसलखाना, जुम्मा, तशरीफ, हे माझ्या मराठीत मिठासारखे विरघळलेले होते, वेगळे काढता येत नव्हते. एखादं वाक्य बोलायच्या आधी मी ते मनात तपासून घ्यायचे, आणि तपासून होईपर्यंत समोरचा माणूस पुढे गेलेला असायचा. ताईंना मी घुमी वाटले असणार.

पाणी आमच्याकडे एक दिवसाआड सकाळी यायचं, तास-दीड तास. एका सकाळी पाहिलं तर सगळा मजला जादा पाणी भरत होता. बादल्या, पातेली, मुलांचे अंघोळीचे टब, काय मिळेल ते. मी आपली रोजच्यासारखी दोन बादल्या आणि एक कळशी भरली. विचारलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. विचारलं नाही. पुढच्या खेपेला नळ कोरडा. त्यानंतरच्याही खेपेला कोरडा. बाबांच्या चहापुरतं आणि प्यायचं पाणी मी राखलं, अंघोळ सोडली, भांडी तशीच पडली. बाबांना सांगितलं, आज नळाला कमी आलं. कळशी तळाला गेली तेव्हा ती घेऊन मी खाली कारखान्याच्या नळावर जायला निघाले, आणि ताई जिन्यात समोरून आल्या.

"अगं, कळशी घेऊन कुठे?"

"पाणी संपलं."

"भरलं नव्हतंस का? खाली बोर्डावर तीन दिवस आधी लिहिलं होतं की, पाइपलाइनचं काम आहे म्हणून."

"लक्ष गेलं नाही."

"एवढी मोठी अक्षरं, लाल खडूने. लक्ष कसं गेलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग आवाज एकदम खाली आणला. "वाचता येत नाही का तुला?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

मी बी.ए. होते. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवलं होतं. माझ्या उशीखाली त्या क्षणी एक उर्दूतलं जाड पुस्तक होतं. यातलं एकही सांगायचं तर बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून मी अडाणी होऊन जिन्यात उभी राहिले आणि ताईंनी माझ्या हातातून कळशी घेतली. "लाजायचं काय त्यात? माझी आईसुद्धा म्हातारपणी शिकली," त्या म्हणाल्या. त्यांनी आपल्या पिंपातून मला दोन बादल्या पाणी दिलं. एक स्वतः आणून ठेवली. आणि जाता जाता म्हणाल्या, "दुपारी अंगणवाडी सुटल्यावर येत जा माझ्याकडे. महिन्यात वाचायला लागशील."

मी गेले नाही. त्या पाण्याने भांडी घासताना मला रडू आलं, ते चांगुलपणामुळे नाही. इतक्या दिवसांत कोणी माया केली, तीही माझ्यावर नाही, मी जी नव्हतेच त्या अडाणी बाईवर.

त्याच आठवड्यात आक्काला फोन करायला म्हणून मी दुकानात जरा लवकर गेले. बाबा बाकड्यावर बसलेले, भोवती चार-पाच म्हातारे सिंधी, आणि बाबा हात वर करून सिंधीत सांगत होते, की अमुक चौकातला घड्याळाचा मनोरा अजून आहे, पण घड्याळ बंद आहे. एकजण विचारत होता, "साईं, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईवाला होता, तो?" दुसऱ्याने बाबांसाठी चहा मागवला. इकडे आल्यापासून मी बाबांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

घरी येताना मी रस्त्यातच थांबले. "मला तोंड शिवून बसायला सांगता आणि स्वतः सगळ्या बाजाराला कराची दाखवता?"

बाबा ओशाळले. "ते लोक विचारतात, बाळ. त्यांचं पण तिथलंच आहे. मी तिथून आलो म्हणून ते मला जवळ करतात."

"आणि इथले मराठी?"

शेजारून रिक्षा गेल्या, एक हातगाडी गेली. मग बाबा म्हणाले, "आपल्या माणसांचं मला अजून कळत नाही."

मला त्यांचा फार राग आला होता, तो तिथेच संपला. ज्या लोकांत यायचं म्हणून त्यांनी दुकान विकलं, बायकोची राख जिथल्या समुद्रात सोडली तो समुद्र सोडला, एक मुलगी मागे ठेवली, त्याच लोकांची त्यांना भीती वाटत होती.

आमचं इंदूर फार दिवस टिकलं नाही. पोलिसात नोंद करून आलो होतोच. एका सकाळी पत्त्याची खात्री करायला हवालदार आला. सभ्य माणूस होता, बूट दाराबाहेर काढून आत आला. कागद पाहिले, खोली पाहिली, आणि म्हणाला, "शेजारच्या दोघांच्या सह्या लागतील. हे इथे राहतात म्हणून."

तो ताईंच्या दारात उभा राहिला. आमचं दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"ओळखता का यांना?"

"हो, ओळखते की. इंदूरचे आहेत."

"इंदूरचे? नाही हो ताई. पाकिस्तानातून आलेत ते. कराची."

खाली मशिनी चालू होत्या. मग ताईंचा आवाज आला, "आणा कागद." त्यांनी सही केली. दुसरी सही त्यांच्या नवऱ्याने केली. हवालदार गेला. ताईंनी आमच्याकडे न बघता दार लावून घेतलं. दिवसा त्यांचं दार कधी बंद नसायचं.

दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. समोरच्या खोलीतली बाई मुलांना आमच्या दारावरून जाताना हाताला धरून न्यायला लागली. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थाने बाबांना जिन्यात विचारलं, "तिकडे सगळं ठीक असताना इकडे का आलात?" आणि उत्तर ऐकायला थांबला नाही. त्याहून जास्त काही कोणी केलं नाही. पण ताई बोलायच्या बंद झाल्या. आठ-नऊ दिवस त्या समोरून जायच्या आणि मी जणू भिंत होते. मला वाटलं, बाबा म्हणत होते तेच खरं.

शेवटी मीच गेले. दोन बादल्या भरल्या, एक एक करून त्यांच्या दारात नेऊन ठेवल्या आणि म्हटलं, "तुमचं पाणी."

त्यांनी बादल्यांकडे पाहिलं. "पाणी परत करतं का कोणी?"

"मी पाकिस्तानातून आले म्हणून तुम्ही..."

"गप गं!" त्या इतक्या जोरात बोलल्या की मी दचकले. "तू कुठून का आलेली असेनास. मी हवालदाराला छातीठोक सांगितलं, इंदूरचे म्हणून. त्याच्यापुढे खोटी पडले मी. आणि त्या आधी जावेला फोन करून सांगितलं, तुझ्या गावची पोर आलीये, वाचता येत नाही बिचारीला. तेपण खोटंच का?"

"ते खरं आहे. मराठी वाचता येत नाही. उर्दू येतं. इंग्रजी येतं. मी शाळेत शिकवायचे."

"शाळेत?"

"सहा वर्षं."

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तरीण असून जिन्यात मान खाली घालून उभी होतीस." त्यांच्या आवाजातला राग गेला नव्हता, पण त्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं. "बादल्या ने परत. उद्या सकाळी अंगणवाडीत ये. माझ्याकडे दुपारी वेळ नाही आता. पोरांत बसायचं असेल तर बस."

मी गेले. सतरंजीवर, मागच्या ओळीत, चार वर्षांच्या मुलांच्या बाजूला गुडघे दुमडून बसले. एक मुलगी माझ्या पाटीकडे वळून वळून बघत होती. मी उर्दूच्या सवयीने पाटीवर उजवीकडून सुरुवात केली तशी ती ओरडली, "टीचर, ही उलटं लिहिते!" ताईंनी येऊन माझा हात धरला आणि डावीकडे नेऊन ठेवला. इतर मुलांशी त्या हसत, माझ्याशी हसल्या नाहीत. कितीतरी दिवस हसल्या नाहीत. शिकवलं मात्र सगळं.

महिना नाही, दोन महिने लागले. दुकानांच्या पाट्या बोलायला लागल्या. जी पाटी मी खिडकीतून रोज बघायचे आणि जिच्या नक्षीत मला काय काय दिसायचं, ती "येथे चेन बदलून मिळेल" अशी निघाली. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं. बाबा दुकानात होते. ताईंशी अजून तितकं जमलं नव्हतं. म्हणून मी आक्काला पत्र लिहिलं, मराठीत, चार पानं. खोलीबद्दल, पाण्याबद्दल, खोटं बोलले त्याबद्दल. आईबद्दल, जिचं नाव मी पहिल्यांदाच तिच्या भाषेत लिहिलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं, आक्काला हे वाचता येणार नाही. आम्ही दोघी एकाच शाळेत गेलो होतो.

तरी मी फोटो काढून पाठवला. फोन आला तेव्हा ती म्हणाली, "किती सुंदर दिसतंय गं. हे तू लिहिलंस? वाचून दाखव ना."

मी दुकानाच्या मागच्या दारात उभी राहून वाचायला लागले. अडखळत, बोट ठेवून. दुसरं पान संपेपर्यंत मला कळलंच नाही, की पलीकडून हुंकार यायचे थांबलेत. फोन मधेच कधीतरी तुटला होता. पुन्हा लावला, लागला नाही. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, आणि मग उरलेली दोन पानं कोणी ऐकत नसताना वाचून पूर्ण केली.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. कागद पक्के व्हायला त्यातली बरीच गेली. नागरिकत्वाचे कागद हातात आले त्या दिवशी बाबांनी पेढे आधी त्या सिंधी म्हाताऱ्यांना वाटले, त्यांतले दोघे तोवर गेले होते. आम्ही बदलापूरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, मी शिकवण्या घेते, मराठीसकट. बाबा खाली बाकावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मराठीत हाक मारतात. निम्मे लोक हिंदीत उत्तर देतात. त्याचं त्यांना आता काही वाटत नाही. ताई निवृत्त होऊन चिखलोलीला मुलाकडे राहायला आल्यात. मी जाते. गेल्या खेपेला धीर करून विचारलं, अजून राग आहे का? त्या शेंगा सोलत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "थोडा आहे."

आक्काने दोनदा व्हिसा मागितला, दोन्ही वेळा नाही मिळाला. तिच्या त्या कडेवरच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मी ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. बाजूला बाबा बसले होते. मंगलाष्टकं म्हणणारे भटजी कुठे सापडले कोण जाणे, पण म्हणत होते, आणि आवारातल्या सगळ्या बायका अक्षता टाकत होत्या. मधेच आक्काने फोन स्वतःकडे वळवला आणि म्हणाली, "दिसतंय ना तुम्हाला?" आम्ही दोघांनीही एकदम हो म्हटलं. दिसत नव्हतं, फोन वळला तेव्हाच चित्र थिजलं होतं.